हवेच्या माथी खापर

गेल्या पावसाळ्यात, श्रावणाच्या तोंडावर, माझ्या चिपळूणच्या घराचे एक नवे दार सोलले गेले. 'सोलले गेले' हाच शब्द योग्य. कारण दार मोडले नाही, वाकले नाही, की त्याला वाळवीही लागली नाही. त्याच्या अंगावरचा प्लायवूडचा पापुद्रा वरच्या कोपऱ्यातून सुटला आणि दोन-चार दिवसांत केळीच्या सोपटासारखा खाली लोंबू लागला. दार करून देणाऱ्या तरुण कंत्राटदाराला बोलावले. त्याने दाराकडे पाहिले, आभाळाकडे पाहिले आणि म्हणाला, "मास्तर, आपली हवाच अशी! या पावसात माणूस टिकत नाही, तिथे दार काय टिकणार?" उत्तर इतके मनमोकळे होते की पैशांचा विषय काढण्याचे मला भान राहिले नाही.

संध्याकाळी आळीतले म्हातारे सुतार तात्या काठी टेकीत आले. त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. रंधा हातातून सुटून बरीच वर्षे झाली. त्यांनी लोंबणारा पापुद्रा उचलून धरला, त्याच्या आतल्या बाजूवरून अंगठा फिरवला आणि मान हलवली. "हवेला कशाला बोल लावता, मास्तर? हा सरस बघा. आरशासारखा गुळगुळीत आहे. याला लाकूड भेटलंच नाही. धरला असता तर फाडताना लाकडाचे तंतू उपटून आले असते. शिकंज्यात रात्रभर ठेवायचं ते यांनी घटकाभरात काढलं असणार. हवेनं काय केलं? जे जुळलंच नव्हतं ते उघडं पाडलं."

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. तात्यांचे हे शेवटचे वाक्य ऐकताच मला एक जुने प्रकरण आठवले आणि त्या रात्री झोप आली नाही. ते प्रकरण दाराचे नव्हे, विमानाचे. पण घडले ते आपल्याच देशाच्या आभाळात, आपल्याच पावसाळ्याच्या नावावर. आणि त्यातही खापर फुटले ते हवेच्याच माथी. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला विषय जरा खुसखुशीत कमी आहे, हे मला ठाऊक आहे. पण त्याचे मर्म स्वयंपाकघरात रोज दिसते, म्हणून धीर करतो.

प्रथम दाराचीच रचना पाहू. जुनी दारे सागवानाच्या भरीव फळ्यांची असत. आजचे सपाट दार तसे नसते. दोन बाजूंना प्लायवूडचे पातळ तक्ते आणि मध्ये हलक्या लाकडाचा, पट्ट्यांचा किंवा पोकळ जाळीचा गाभा. इंजिनियर लोक या रचनेला सरळ 'सँडविच' म्हणतात. कोणी म्हणेल, ही तर काटकसर झाली! काटकसर आहेच, पण तिच्यात विलक्षण शहाणपण आहे. एक फळी घ्या. तिची जाडी एक माना. आता ती मधोमध चिरून दोन पातळ तक्ते करा आणि त्यांच्यामध्ये मूळ फळीच्या जाडीइतकाच अगदी हलका गाभा बसवा. वजन जवळजवळ तेच राहते, पण वाकण्याला होणारा विरोध सातपट वाढतो. हिशेब शाळेतलाच आहे. ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. दोनचा घन आठ. त्यातून मधल्या हलक्या गाभ्याचा एकाचा घन वजा करा, बाकी राहते सात. गाभा तिप्पट जाड केला तर हाच आकडा ३७ वर जातो.

ही जादू एका अटीवर चालते. सँडविच वाकते तेव्हा एक तक्ता ताणला जातो आणि दुसरा दाबला जातो. गाभा त्या दोघांना ठरल्या अंतरावर धरून ठेवतो. तक्ते आणि गाभा यांच्यातला जोड पक्का असेल तरच हे तिघे मिळून एक होतात. जोड सुटला की उरतात दोन पातळ पापुद्रे आणि एक मऊ गाभा. सातपट बळ एका क्षणात नाहीसे होते. म्हणजे साऱ्या रचनेचा प्राण कागदाएवढ्या जाडीच्या सरसाच्या थरात असतो. आणि तो थर, एकदा तक्ता वर बसला की, कोणाच्याही दृष्टीस पडत नाही.

आता इंग्लंडात जाऊ. लंडनच्या उत्तरेला हॅटफील्ड येथे डी हॅव्हिलंड कंपनीचा विमानांचा कारखाना होता. विमाने धातूची करण्याकडे जगाचा कल झाला असतानाही या मंडळींचा लाकडावरचा विश्वास उडाला नव्हता. १९३७ साली उडालेल्या त्यांच्या 'अल्बट्रॉस' या प्रवासी विमानाचे धड प्लायवूड, बाल्सा आणि पुन्हा प्लायवूड अशा सँडविचचे होते. बाल्सा हे दक्षिण अमेरिकेतील झाड. त्याचे लाकूड इतके हलके की हाताला भेंडासारखे लागते. पुढे महायुद्ध पेटले, ॲल्युमिनियमची चणचण भासू लागली. आणि याच विद्येतून 'मॉस्किटो' हे दोन इंजिनांचे लढाऊ विमान जन्माला आले. त्याचे पहिले उड्डाण २५ नोव्हेंबर १९४० रोजी झाले. त्याच्या वेगाने भल्याभल्यांना तोंडात बोट घालायला लावले. पुढच्याच वर्षीच्या चाचण्यांत त्याने ताशी सहाशे किलोमीटरचा पल्ला ओलांडला. पुढे अशी ७,७८१ विमाने तयार झाली. काही इंग्लंडात, काही कॅनडात, काही ऑस्ट्रेलियात.

हे विमान घडवण्याची रीत मोठी मनोरंजक होती. धडाच्या अर्ध्या भागाच्या आकाराचा साचा, कधी महोगनीच्या लाकडाचा, कधी काँक्रीटचा, आडवा मांडलेला असे. त्यावर बर्च लाकडाचे पातळ प्लायवूड, त्यावर सरस, त्यावर इक्वेडोरहून आलेल्या बाल्साच्या पट्ट्या, पुन्हा सरस आणि पुन्हा बर्चचे प्लायवूड. वरून पोलादी पट्टे आवळून सरस धरेपर्यंत सारे तसेच ठेवीत. या तिन्ही थरांची मिळून जाडी अर्ध्या इंचापेक्षाही कमी, सात षोडशांश इंच! भुईमुगाच्या शेंगेच्या दोन टरफलांसारखे धडाचे दोन भाग वेगवेगळे तयार होत. उघड्या टरफलात बसून कारागीर आतल्या तारा आणि नळ्या बसवीत आणि मग दोन्ही भाग उभ्या रेषेवर जोडून टाकीत. पंख अखंड, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच. त्याची वरची बाजू दुहेरी प्लायवूडची, मध्ये फरच्या लाकडाच्या पट्ट्या. आणि ही त्वचा आतल्या मुख्य तुळयांना सरसाने जोडलेली. शेवटी सगळ्यावर 'मदापोलम' नावाचे बारीक सुती कापड ताणून बसवीत. हे नाव आंध्रातल्या गोदावरीच्या मुखाजवळील एका गावाचे. तेथे कधीकाळी ते कापड विणले जाई. पुढे याच विमानाने आपल्या देशात जो गोंधळ उडवला, तो पाहता या कापडाच्या नावाचे मला मोठे नवल वाटते.

लाकडाचे काम म्हटल्यावर ते केवळ विमानाच्या कारखान्यात थोडेच राहणार? कपाटे, खुर्च्या, पियानो करणारे कारखाने या कामाला जुंपले गेले. ज्यांनी कधी विमान जवळून पाहिले नव्हते, असे हजारो हात, त्यांत कितीतरी स्त्रियांचे, सरस लावू लागले. त्यांच्या कष्टांविषयी मला आदर आहे. पण आपली गोष्ट आता त्या सरसाच्या डब्यापाशी येऊन थांबते.

सुरुवातीला वापरला तो सरस केसिनचा, म्हणजे शब्दशः दुधाचा. साय काढलेले दूध नासवून जो चोथा उरतो, तो वाळवून दळायचा, त्यात चुना मिसळायचा आणि पाण्यात कालवायचा. आपल्याकडे नासलेल्या दुधाचा कलाकंद होतो. तिकडे विमान झाले! हा सरस बळकट खरा, पण दमट हवेत त्याला बुरशी लागते. म्हणून पुढे त्याची जागा कृत्रिम राळेने घेतली. केंब्रिजजवळ डक्सफर्ड येथे नॉर्मन डी ब्रुइन या शास्त्रज्ञाने एक छोटी प्रयोगशाळा आणि कारखाना काढला होता. युरिया आणि फॉर्माल्डिहाइड यांपासून केलेला त्यांचा 'एरोलाइट' हा सरस १९३७ पासून बाजारात होता. त्याची वापरण्याची तऱ्हा निराळी. एका फळीला राळ लावायची, दुसरीला आम्लाचे पाणी. दोन्ही एकमेकींना भेटल्या की रसायन सुरू होते. राळेचे सुटे सुटे रेणू एकमेकांचे हात धरतात, त्यांची साखळी होते, साखळीची जाळी होते आणि पातळ द्रव दगडासारखा कठीण होतो.

या क्रियेला इंजिनियर 'क्युअरिंग' म्हणतात. स्लॅबवर पाणी मारताना गवंड्याच्या तोंडीही हाच शब्द असतो. मी त्याला लोणच्यावरून 'मुरणे' म्हणेन. कारण सरस वाळत नाही, तो मुरतो. आणि मुरण्याला चार गोष्टी लागतात: ऊब, दाब, वेळ आणि योग्य तेवढाच ओलावा.

आपल्या गृहिणींना हे वेगळे सांगायला नको. रव्याच्या लाडवांचा पाक त्यांनी आयुष्यभर केला आहे. पाक कच्चा राहिला तर लाडू बसतो. पुढे गेला तर मिश्रण हातातच कोरडे होऊन फुटते. मध्ये एक क्षण असतो, तेव्हाच वळायला घ्यावे लागते. सरसाचेही तसेच. कारखाना थंड असेल तर रसायन मंदावते. स्थूलमानाने पारा दहा अंश सेल्सियस उतरला की मुरायला दुप्पट वेळ लागतो आणि फारच थंडी असेल तर युरियाचा सरस नीट मुरतच नाही. कारखाना गरम असेल तर उलटी अडचण. सरस लावल्यावर फळ्या जुळवायला उशीर झाला की त्याच्यावर साय धरते आणि मग वरून कितीही दाबा, तो दुसऱ्या लाकडात शिरत नाही. तात्यांनी दाखवलेला आरसा तो हाच. दाब कमी पडला तर फळ्यांमध्ये फट राहते आणि सरसाचा थर जाड होतो. युरियाचा साधा सरस जाड थरात मुरताना आकसतो आणि त्यात काचेवर पडाव्यात तशा बारीक चिरा पडतात. लाकूड जास्त ओले असेल तर सरस पातळ होऊन त्यात जिरतो. फार कोरडे असेल तर ते सरसातले पाणीच पिऊन टाकते.

युद्धकाळात यांपैकी सर्वांत महाग गोष्ट होती ती वेळ. साच्यात एक धड अडकून पडले की दुसरे मांडता येत नाही. म्हणून डक्सफर्डच्या मंडळींनी सांध्यावर धातूची पट्टी ठेवून तिच्यातून वीज सोडण्याची आणि सरस जागच्या जागी तापवण्याची युक्ती काढली. जे काम तासांचे ते मिनिटांवर आले. युक्ती उत्तमच, पण घाई आणि नेम या दोन सवतींना एका घरात नांदवायचे तर घरधन्याला जागता पहारा ठेवावा लागतो.

आता आपल्या देशात येऊ. ब्रह्मदेशात जपान्यांशी युद्ध चालले होते. त्या आघाडीसाठी ब्रिटिश हवाई दलाने १९४३ मध्ये काही मॉस्किटो विमाने हिंदुस्थानात आणली. एक हेतू हा की लाकडी विमान इथल्या हवेत कसे टिकते ते कळावे. पुढच्या वर्षी बाँब टाकणाऱ्या तुकड्यांनाही ती मिळू लागली. आणि मग १९४४ मध्ये अपघात होऊ लागले. धडधाकट विमान आकाशात असतानाच त्याचा पंख तुटे. शत्रूची गोळी नाही, वादळ नाही. नोव्हेंबरमध्ये उड्डाणे थांबवून विमाने तपासायला घेतली, तेव्हा पंखाची वरची त्वचा मुख्य तुळईपासून सुटत असल्याची शंका आली. प्रत्येक मॉस्किटोत दोन माणसे बसत. ज्यांचा पंख सुटला, त्यांना विचार करायला क्षणभरही मिळाला नसेल.

विमान कंपनीचे संस्थापक सर जेफ्री डी हॅव्हिलंड यांचे धाकटे बंधू मेजर हेरवर्ड डी हॅव्हिलंड यांच्या नेतृत्वाखाली एक तपास पथक हिंदुस्थानात आले. डिसेंबरच्या आरंभी त्यांनी अहवाल दिला. त्याचा मथितार्थ असा: सरस खराब झालेला नाही, पावसाळ्यातील हवेमुळे सांगाडा आकसला आणि त्यामुळे अपघात झाले. पावसाळ्यात लाकूड फुगते, हे कोकणातल्या ज्याच्या खिडक्या श्रावणात लागत नाहीत त्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण ते असो. सारांश, दोष हवेचा.

गोष्ट इथे संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता. त्यानंतर आणखी चौकशा झाल्या. एका चौकशीने स्पष्टपणे बांधणीतल्या दोषावर बोट ठेवले. मग विमान उत्पादन मंत्रालयाच्या पथकाने इंग्लंडातच, डेफर्ड येथे, मॉस्किटो विमाने उघडून पाहिली. त्यांत या विमानाच्या सहा निरनिराळ्या प्रकारांत तसेच दोष सापडले. ही विमाने हॅटफील्ड आणि लीव्ह्झडन येथील कारखान्यांत बनलेली होती. यांतल्या एकाही विमानाने आपला पावसाळा पाहिला नव्हता. एकालाही वाळवी शिवली नव्हती. पथकाने निष्कर्ष काढला की सरसकामाचा दर्जा जसा हवा तसा नाही. तात्यांनी अंगठा फिरवून जे सांगितले, तेच या लोकांनी सरकारी भाषेत लिहिले.

आणि तरीही, लोकांपुढे आणि वैमानिकांपुढे कोणता निष्कर्ष ठेवला गेला? हवेचाच! या विमानावरचा विश्वास उडू नये म्हणून ब्रिटिश हवाई मंत्रालयाने पहिलाच अहवाल उचलून धरला: अपघात मुख्यतः हवामानामुळे झाले. पंखावरच्या जोडावर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, प्लायवूडची पट्टी बसवून पाणी आत शिरण्याची वाट बंद करण्यात आली. ती पट्टी उपयोगाचीच होती. पण पट्टीने जोड झाकला, तसा प्रश्नही झाकला गेला.

इतिहासाच्या शिक्षकाने न्यायाधीश होऊ नये, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. बंगालची हवा अगदीच निरपराध होती असे नाही. उष्णता आणि ओलावा एकत्र आले की युरियाचा सरस हळूहळू विघटित होतो. केसिनला बुरशी लागते. लाकूड रोज फुगते आणि रोज आकसते, त्यामुळे प्रत्येक सांध्याला रोज हिसके बसतात. इंग्लंडच्या थंडीत चार वर्षे तगला असता असा अर्धाकच्चा जोड आपल्याकडे चार महिन्यांत तोंड उघडतो. पण 'हवेने जोड तोडला' आणि 'हवेने कच्चा जोड उघडा पाडला' या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिले वाक्य मान्य केले की कोणालाच काही सुधारावे लागत नाही. दुसरे मान्य केले तर कारखान्यात जाऊन सरसाचे भांडे, भिंतीवरचा तापमापक आणि घड्याळ पाहावे लागते. युद्धाच्या ऐन धामधुमीत विमानाविषयी धास्ती पसरू नये, हे मंत्रालयाचे गणित मला समजते. पण त्या विमानात बसायला निघालेल्या पोराला खरे कारण कळण्याचा हक्क नव्हता काय, हा प्रश्न मला सोडीत नाही.

सरसाचा इतिहास मात्र थांबला नाही. डी ब्रुइन यांच्या प्रयोगशाळेने १९४१ मध्ये धातूला धातू चिकटवणारा 'रिडक्स' हा सरस शोधून काढला. फिनॉलची पातळ राळ लावायची, वर एका प्लास्टिकची भुकटी भुरभुरवायची आणि दाबाखाली चांगले तापवायचे, अशी त्याची रीत. पण फिनॉलची राळ मुरताना पाणी सोडते आणि त्या उष्णतेत त्याची वाफ होते. दाब पुरेसा नसला तर सांध्यात पुरीसारखे फुगे येतात. पुढे गाभ्यासाठी बाल्साच्या जागी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी घरांची जाळी आली, तेव्हा अडचण आणखी वाढली. बंद घरांतली वाफ जाणार कुठे? म्हणून मुरताना काहीही न सोडणाऱ्या इपॉक्सी राळांना महत्त्व आले.

आजचे विमानाचे सँडविच 'ऑटोक्लेव्ह' नावाच्या अवाढव्य भट्टीत मुरते. ही भट्टी म्हणजे घरातला प्रेशर कुकरच, फक्त त्यात पंखच्या पंख मावतो. तिच्यात पारा किती वेगाने चढवायचा, कुठे थांबवायचा, दाब केव्हा द्यायचा, किती वेळ धरून ठेवायचा आणि किती हळू उतरवायचा, याचे वेळापत्रक ठरलेले असते. पारा चढू लागला की राळ आधी पातळ होते आणि पोळ्याच्या भिंतींवर किंचित वर चढते; समईतले तेल वातीत चढते तसे. भिंत आणि तक्ता यांच्या कोपऱ्यात तिची छोटीशी गोलाई तयार होते. जोडाचे बळ या गोलाईत असते. पारा फार झपाट्याने चढवला तर पसरण्याआधीच राळ घट्ट होते आणि ती गोलाई अपुरी राहते. दाब जास्त झाला तर पोळे चेपते. जाळी विशिष्ट कागदाची असेल तर ती हवेतला ओलावा शोषून ठेवते. आधी वाळवली नाही तर ऐन मुरण्याच्या वेळी तो ओलावा वाफ होऊन जोडात बुडबुडे करतो.

इतके सारे कळूनही माणूस चुकतोच. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांत एका बोईंग ७३७ विमानाचे छप्पर उडत्या विमानातून फाटून गेले. आत ९५ माणसे होती. वैमानिकांनी विमान सुखरूप उतरवले, पण एक हवाई सेविका प्राणास मुकली. हे सँडविच नव्हते. पत्र्यावर चढवलेला पत्र्याचा जोड होता. पण कहाणी त्याच कुळातली. या विमानांच्या पहिल्या मालिकेत जोडासाठी लावलेली इपॉक्सीची पट्टी शीतपेटीत ठेवीत आणि काम करताना बाहेर काढीत. मग ती साध्या हवेच्या तापमानालाच मुरत असे. फ्रिजमधून काढलेल्या तांब्यावर जसे दव जमते, तसा गार पट्टीवर ओलावा धरण्याचा धोका असे. जोड काही ठिकाणी नीट बसला नाही. तेथून गंज शिरला. सगळा भार रिव्हेटांवर आला आणि हजारो उड्डाणांनंतर चिरा एकमेकींना मिळाल्या. कंपनीने ही पद्धत १९७२ मध्येच सोडून दिली होती. पण आधी उडालेली विमाने उडतच होती.

दुसरे उदाहरण नोव्हेंबर १९९९ मधले, अमेरिकेतील हंट्सव्हिलचे. 'एक्स-३३' या प्रायोगिक अवकाशयानासाठी द्रवरूप हायड्रोजनची टाकी केली होती. पोळ्याचा गाभा आणि दोन्ही बाजूंना कार्बन-तंतूंचे तक्ते. चाचणीत ती शून्याखाली अडीचशे अंशांच्या हायड्रोजनने भरली. चाचणी पार पडली, टाकी रिकामी केली. आणि ती पुन्हा ऊबदार होत असताना बाहेरचा तक्ता गाभ्यासकट आतल्या तक्त्यापासून सुटला. बारीक चिरांतून गाभ्यात शिरलेला वायू उबेबरोबर फुगला होता. तपासात आणखी एक गोष्ट निघाली: जोडाचे बळ जेवढे असायला हवे होते तेवढे नव्हते. २००१ मध्ये सारा प्रकल्पच गुंडाळला गेला.

या तिन्ही कथांतून एकच अवघड गोष्ट हाती लागते. जोड मुरून झाला की त्याचे बळ बाहेरून मोजता येत नाही. नाण्याने टकटक करून किंवा ध्वनिलहरी सोडून पोकळी सापडते. पण तक्ता सरसाला नुसता टेकला आहे की खरोखर धरला आहे, हे ठामपणे सांगणारे साधन आजही नाही. म्हणून शहाणे कारखाने काय करतात? मूळ वस्तूबरोबर त्याच राळेचा, त्याच भट्टीत, त्याच वेळी एक छोटा नमुना मुरवतात आणि नंतर तो मुद्दाम फाडून पाहतात. घाणा काढण्याआधी आई एकच अनारसा तळून बघत असे. तो हसला की पीठ पुन्हा मळायला घेई. नमुना फसला तर विमानाचा भाग बाजूला काढायचा. मग तो बाहेरून कितीही देखणा का असेना. बाकी सारा भरवसा ज्याने पारा, घड्याळ आणि दाब पाहिला त्या माणसाच्या प्रामाणिक नोंदीवर. त्या बंद घटकांत जे घडले, त्याला साक्षीदार तोच.

नवरात्रापूर्वी ऊन पडले तेव्हा तात्यांनी माझे दार ओसरीवर आडवे घालायला लावले. त्यांनी जुना सरस खरवडून काढायला सांगितला. लाकूड चार दिवस उन्हात वाळवले. कंत्राटदारालाही बोलावून घेतले. आला बिचारा, मान खाली घालून का होईना. नवा सरस लावला, शिकंजे आवळले आणि तात्या खुर्ची टाकून बसले. तासाभराने त्याने विचारले, "तात्या, आता सोडू?" तात्या म्हणाले, "घाई कसली आहे? उद्या सकाळी चहा घेऊन ये, मग सोड."

दार आता बसले आहे. दिवाळीच्या पणत्या त्याच्याच दोन्ही बाजूंना लागतील. पुढचा पावसाळा येईल, तो आपले काम करील, आणि खरे काय ते तेव्हाच कळेल. पण पापुद्रा पुन्हा सुटलाच, तर निदान यंदा हवेला बोल लावायचा नाही, असे आम्ही तिघांनी ठरवले आहे.